बदकांचं विरजण

बदक मला कधीच आवडलं नाही. चालायला धड नाही, उडायला धड नाही, आणि दिवसभर नुसता कलकलाट. वर घाण इतकी करतं की त्याच्यापुढं कोंबडी सोवळ्यातली वाटावी. आमच्या घरात कोंबडीचा रस्सा सगळे बोटं चाटून खातात, पण बदकाचं नाव काढलं की नाकं मुरडतात. तरीही आज सकाळी उठल्याबरोबर मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर पलीकडच्या शेडमधून बदकांचा आवाज येतोय का ते ऐकलं. गेलं वर्षभर माझं हेच चाललंय. आवाज आला की मग चहा टाकते.

ते शेड माझ्या मधल्या जावेचं. तिला मी आक्का म्हणते. आमची वस्ती न्हावऱ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. घरात भाऊ तीन. थोरल्या दिरांना लहानथोर सगळे दादा म्हणतात. मधले दीर, म्हणजे आक्काचे मालक, शिक्रापूरच्या चौकात ट्रकखाली गेले. धाकटे ते माझे मालक. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. जमीन अजून आबांच्याच नावावर आहे आणि घरात शब्दही त्यांचाच चालतो.

मधले दीर गेले तेव्हा आक्काच्या पदरात मूल नव्हतं. दिवसकार्य उरकलं आणि तिचे भाऊ दौंडहून तिला न्यायला आले. पिशव्या भरायच्या सोडून ती भांडी घासत बसली. भावानं पुन्हा हाक मारली तेव्हा म्हणाली, "मी हितं नांदायला आलीय, पाव्हणी म्हणून न्हाई." आबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना ते भावलं असावं. रस्त्याकडेची कांदा साठवायची जुनी चाळ आणि तिच्यामागचा जमिनीचा तुकडा त्यांनी तिला कसायला दिला. दिला म्हणजे तोंडी, कागदावर नाही.

कायद्याचं मला कोणी सांगू नका. विधवेचा हिस्सा असतो हे मलाही माहीत आहे, आक्कालाही माहीत आहे. पण तालुक्याला जाऊन तो मागायचा म्हणजे आधी ह्या घराचा उंबरा ओलांडायचा, आणि एकदा ओलांडला की परत आत घेणारं कोणी नाही. ती चाळ हातात होती तोवर आक्का ह्या घरची होती. चाळ गेली की तिला दौंडचा रस्ता होता. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

आक्काचं माहेर भीमेच्या काठावर. तिथं नदीकडेच्या घरांत बदकं असायचीच, त्यामुळं तिला त्यांची सवय. भावानं टेम्पोतून पिल्लं आणून दिली, मांसासाठी वाढवायची, पांढऱ्या जातीची. कांद्याच्या चाळीला तिनं जाळी मारली, मागं सिमेंटचा एक उथळ हौद केला. गिऱ्हाईक शोधायला कुठं जावं लागलं नाही. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला आलेले बंगालचे, आसामचे लोक रविवारी मोटारसायकलवर यायचे आणि जाळीबाहेरून ओरडायचे, "दीदी, बत्तख है क्या?" आक्काचं हिंदी म्हणजे देवाची करणी. "है ना, पण जरा थांबो, पकडती हूं," असं म्हणत ती पदर खोचून आत शिरायची. वर्षादीड वर्षात गावानं तिचं नाव बदकवाली ठेवलं. मला ते ऐकून राग यायचा, तिला नाही.

दादांचं लक्ष त्या चाळीवर होतं. शिक्रापूरला लोकांनी खोल्या बांधल्या, भाडेकरू ठेवले आणि बसून खाऊ लागले. ते लोण रस्त्यारस्त्यानं आमच्यापर्यंत आलं होतं. शेजारच्या वस्तीवर बांधकाम सुरू झालं त्या दिवशी दादा जेवताना म्हणाले, "आपली जागा तर रोड टच हाय." एवढंच म्हणाले आणि भाकरी मोडली. दादा ओरडत नाहीत, भांडत नाहीत. दादा गप्प बसले की मला भीती वाटते.

त्यांना निमित्त मिळालं ते वासाचं. खोटं कशाला बोलू, वास होताच. पाऊस उघडल्यावर ऊन पडलं की चाळीतून असा भपकारा यायचा की जेवण उतरत नसे. दादांच्या मुलीला बघायला निमोण्याचे पाहुणे आले आणि पोह्यांची बशी हातात असतानाच नाकाला रुमाल लावून बसले. स्थळ जमलं नाही. त्याला वास कारण होता की मुलीचं शिक्षण की आणखी काही, देवाला माहीत, पण घरात चर्चा वासाचीच झाली. आबांनी आक्काला बोलावून सांगितलं, "वास ग्येला पायजे. न्हाईतर बदकं."

आक्का दुसऱ्याच दिवशी एसटीनं दौंडला गेली आणि संध्याकाळी पावडरीच्या पुड्या घेऊन आली. खाद्याच्या दुकानातल्या माणसानं दिल्या होत्या. त्यानं सांगितलं होतं की ह्यात चांगले जंतू असतात, जिवंत. बदकाच्या पोटात गेले की खाल्लेलं अंगी लागतं, घाण घट्ट पडते, वास कमी होतो. रोज ताजी पुडी गार पाण्यात कालवायची, भरड्यात मिसळायची आणि लगेच खायला घालायची. गरम पाणी नको, नळाचं औषध टाकलेलं पाणी नको, जंतू मरतात.

"जंतू विकत घेऊन घालायचे?" मी म्हणाले. "इथं काय कमी आहेत का?"

आक्का हसली नाही. तिनं माठातलं पाणी घेतलं, पुडी फोडली आणि हातानं कालवली.

आणि वास गेला. म्हणजे अगदी अत्तर शिंपडल्यासारखं नाही, पण पंधरवड्याच्या आत नाकाचा पदर सुटला. चाळीतली जमीन कोरडी राहू लागली. बदकं दिसामासी भरू लागली, पिसं चकचकीत झाली. आबा एकदा काठी टेकत चाळीपर्यंत जाऊन आले आणि काही न बोलता परत ओट्यावर बसले. त्यांचं न बोलणं म्हणजे पसंती. दादाही आले होते. जाळीला हात लावून बराच वेळ उभे राहिले.

आता जे सांगायचं ते समजायला आक्काचं दही माहीत पाहिजे. आमच्या घरात दही तीच लावायची. लग्न होऊन आली तेव्हा माहेरून स्टीलच्या डबीत विरजण घेऊन आली होती आणि ते तिनं आजवर तुटू दिलं नव्हतं. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला, आजच्यातलं उद्याच्या. सुरीनं कापावं असं दही. त्याचे तिचे नियम होते. दिवेलागणीनंतर दारात कोणी विरजण मागायला आलं तर द्यायचं नाही, मग ती सख्खी मैत्रीण का असेना. आणि विरजणाचं भांडं कधी रिकामं होऊ द्यायचं नाही. तळाला थोडं राहिलंच पाहिजे. भांडं कोरडं पडलं की घर कोरडं पडतं, असं तिची आई सांगायची म्हणे.

एक दिवस दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आगं, ती पावडर म्हंजी इरजणच की."

"म्हणजे?"

"जित्ता जंतू हाय म्हंत्यात. नासवत न्हाई, आंबवतो. मग रोज नवी पुडी कशाला फोडायची? कालच्या आंबोणातलं ठिवायचं आन् आजच्याला लावायचं. इरजण कुणी रोज इकत आणतं का?"

मला ते इतकं बरोबर वाटलं की मी तिला चहा करून दिला.

मग निळा प्लास्टिकचा ड्रम आला. त्यात भरडा, पेंड, माठाचं पाणी, थोडा गूळ आणि एक पुडी, पहिली आणि तिच्या हिशेबानं शेवटची. वर पांढरं धडोतं बांधलं. दुसऱ्या सकाळी धडोतं फुगून आलं होतं. उघडून तिनं मला वास घ्यायला लावला. आंबोळीच्या पिठाचा येतो तसा स्वच्छ, आंबूस वास. बदकं वेडी झाली. ती झाकणावर पळी आपटायची आणि सगळा पांढरा लोंढा माना उंचावून तिच्याकडं धावायचा. रोज ती वरचं काढून घालायची, खाली थोडं ठेवायची आणि त्यावर नवा भरडा ओतायची. ड्रमला ती कोणाला हात लावू द्यायची नाही. अंधार पडल्यावर तर धडोतं सोडायचीही नाही.

थंडीभर हे छान चाललं. बंगालचे लोक म्हणायचे की ह्या दीदीच्या बदकाला चव आहे. आक्काला पहिल्यांदाच मी हिरव्या बांगड्या भरायचा विचार बोलून दाखवताना ऐकलं. भरल्या नाहीत तिनं, पण बोलली तरी.

होळीनंतर ऊन वाढलं. त्याच सुमारास तिच्या भावानं भीमेतली बारीक मासळी पाठवायला सुरुवात केली, बाजारात न खपलेली. बदकं मासळीवर लवकर भरतात, हे ती लहानपणापासून बघत आलेली. ती मासळी तिनं ड्रममध्ये टाकली. मी एकदा म्हणाले, "आक्का, वास बदललाय हो." ती म्हणाली, "उन्हाळ्यात दही आंबट हुतंच की." मला तेही पटलं.

पहिल्या बदकाचं मला स्पष्ट आठवतं. आक्कानं पळी आपटली, सगळी धावली, एक बाभळीखाली बसून राहिलं. ती जवळ गेली. बदकाची मान जमिनीवर लांब पसरलेली होती आणि डोळे टक्क उघडे होते. तिनं मान उचलून धरली. सोडली तर हळूच परत खाली गेली. पायही हलत नव्हते. पण डोळे तिच्याकडं बघत होते, अगदी जागे. मला ते बघवेना. मी घरात निघून आले आणि कारण नसताना गव्हाचा डबा उपसत बसले.

दुसऱ्या सकाळी चाळीतून आवाज आला नाही. इतके दिवस त्या कलकलाटाला शिव्या घालणारी मी, तो नाही म्हणून ताडकन उठले. आक्का हौदाजवळ उभी होती. हौदात बदकं तरंगत होती, पण माना पाण्याच्या आत होत्या. मान धरवली नाही म्हणून ती पाण्यात बुडून मेली होती. बाकीची जमिनीवर जिथल्या तिथं पसरली होती. काही मेली होती, काही नुसती बघत होती. आक्का एकेकाची मान उचलून हौदाच्या कडेवर टेकवत होती. टेकवलेली मान घसरायची, ती पुन्हा उचलायची.

मग ती सरळ अंगणात आली. दादा दात घासत होते. आदल्या दिवशी त्यांनी कांद्यावर औषध फवारलं होतं आणि संध्याकाळी पाठीवर पंप असतानाच ते जाळीपाशी उभे होते, हे तिनंही पाहिलं होतं आणि मीही. सगळ्या घरासमोर, गडी-बायांसमोर ती म्हणाली, "दादा, तुमी इख घातलं माझ्या बदकास्नी."

माझे मालक तिच्या अंगावर धावले. "वैनी, तोंड सांभाळा!" थोरली जाऊ रडायला लागली. दादांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "डॉक्टरला बलवा. माझ्याच गाडीवं आणा." एवढंच. मला त्या क्षणी खात्री होती की विष त्यांनीच घातलंय, आणि तरी इतका थंडपणा.

जनावरांचे सरकारी डॉक्टर आले ते दुपारी. त्यांनी एका बदकाची मान उचलली, सोडली, आणि पहिला प्रश्न विचारला तो खाण्याचा. आक्कानं ड्रम दाखवला. त्यांनी धडोतं सोडलं, एक लांब काठी घेतली आणि तळापासून ढवळलं. वरती आंबोळीचा वास होता. खालून जे वर आलं त्यानं आम्ही सगळे मागं सरलो. काळपट रेंदा, मासळीचे काटे, आणि कडेला पांढऱ्या अळ्या.

"हा पूर्ण रिकामा करून कधी धुतला होता?" त्यांनी विचारलं.

"इरजणाचं भांडं कुणी रिकामं करतं का?" आक्का म्हणाली. ती अजून दादांकडंच बघत होती.

डॉक्टर तिला घालूनपाडून बोलले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. पुडीतले जंतू ओळखीचे होते, पण इतके दिवस उन्हात ड्रमाच्या तळाशी काय वाढत गेलं ते कोणालाच माहीत नाही. सडलेल्या मासळीत विष तयार होतं. ते मान पाडतं, पाय पाडतं. बाहेरून कोणी काही घालायची गरज नाही. मेलेली खोल पुरा, चुना टाका, ड्रम लांब नेऊन रिकामा करा. जी खाली बसलेली आहेत त्यांना स्वच्छ पाणी पाजा, काही उठतील.

आक्का मटकन खाली बसली नाही की रडली नाही. ती ड्रमाच्या कडेला धरून उभी राहिली आणि आत बघत राहिली. दादांनी डॉक्टरांना चहा विचारला.

संध्याकाळी आबांनी सगळ्यांना ओट्यापुढं बोलावलं. थोरल्या मुलावर भर अंगणात आळ आला होता आणि तो खोटा ठरला होता, हे त्यांना बदकांपेक्षा जास्त लागलं होतं. त्यांनी आक्काकडं बघितलं नाही. म्हणाले, "ऱ्हायलेली बदकं जगत्यात तवर चाळ तिची. नवं पिल्लू आणायचं न्हाई. शेवटचं ग्येलं की जागा थोरल्याच्या ताब्यात." मग म्हणाले, "आन् हितनं पुढं एक बी मेलं, तर कुणी कुणावर आळ घ्यायचा न्हाई. ह्ये ध्यानात ठिवा."

आबांना वाटलं त्यांनी न्याय केला. मी ते वाक्य ऐकलं आणि दादांकडं पाहिलं. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते.

पाच बदकं उठली. मांसाची बदकं, दोन-तीन महिन्यांत कापायची. ती म्हातारी व्हायला जन्मलेलीच नसतात. अंग वाढत जातं, पाय तेवढेच राहतात, मग ती बसूनच राहतात. आक्कानं ती पाच बदकं जगवायला घेतली. बंगालचे लोक यायचे आणि ती हात हलवून त्यांना परत पाठवायची. "बेचना नही," एवढंच म्हणायची. दौंडहून ती पुन्हा पुड्या आणू लागली. रोज ताजी पुडी, माठाचं गार पाणी, मूठभर भरडा, समोर बसून खायला घालायचं आणि राहिलेलं लांब नेऊन फेकायचं. घमेलं राखेनं घासून उन्हात उपडं. दोन-तीन महिने वाढवून विकायच्या जनावराचं औषध ती आता त्यांचं आयुष्य ओढायला वापरत होती.

दही तिनं लावायचं बंद केलं. एक दिवस मी बघितलं तर विरजणाची डबी फडताळात उपडी ठेवलेली, घासूनपुसून लख्ख. इतक्या वर्षांचं तिनं स्वतःच्या हातानं तोडलं होतं. तेव्हापासून आमच्याकडं डेअरीच्या पिशवीतलं दही येतं. पाणचट असतं. आबा ते ताटात बाजूला सारतात.

दिवाळीच्या सुमारास एक बदक गेलं, थंडीनं. संक्रांतीनंतर आणखी एक. राहिली तीन. जाळीला लागून खडीचा ढीग पडला, मग लोखंडी सळया आल्या. दादा संध्याकाळी तिकडून चक्कर मारताना विचारायचे, "जेवली का बदकं?" आवाजात इतकी माया की नवख्याला वाटावं, काय प्रेमळ माणूस आहे. आमच्याकडं रात्री जेवताना मालक सांगायला लागले की खाली चार, वर चार खोल्या निघतील, त्यातल्या दोन दादा आपल्याला देणार आहे. मी त्या दोन खोल्यांचा विचार केलाच नाही असं म्हणणार नाही. केला. आमच्या मुलाला पुण्याला शिकायला ठेवायचं माझ्या मनात आहे आणि खोल्यांचा त्याला आधार झाला असता. मग सकाळी उठून मी बदकांचा आवाज ऐकायची, आणि तो आला की मला बरं वाटतंय की वाईट, हे काही दिवस मला कळायचं नाही.

गेल्या महिन्यात आक्काची आई अंगणात पडली. भावाचा फोन आला. जाणं भागच होतं. तिनं मला चाळीत नेऊन सगळं पुन्हा दाखवलं. पाणी ह्याच माठातलं. पुडी सावलीत ठेवायची. पाण्याचं घमेलं दुपारीही भरायचं, ऊन फार आहे, तहानेनं मरतात. "जमंल न्हवं तुला?"

"बदकं आहेत आक्का, जावई नाहीत," मी म्हणाले.

ती हसली नाही. एसटीत चढताना तिनं एकदा मागं वळून पाहिलं, माझ्याकडं नाही, चाळीकडं.

त्या संध्याकाळी मी पाणी भरत होते आणि दादा जाळीपाशी आले. "लई जपताय," म्हणाले. "जीव तरी किती ऱ्हायलाय त्यांच्यात. आन् उन्हाचं काय सांगावं. घरात हजार कामं असत्यात बाईमाणसाला. दुपारचं पाणी ऱ्हायलं एखांद्या दिशी, तर कुणी काय म्हणणार न्हाई. आबांनी सांगितलंच हाय तसं."

मी घमेलं भरलं आणि माठ झाकला. रात्री वाढताना मालकांनी मान खाली घालूनच विचारलं, "दादा बोलला का तुझ्याशी?"

म्हणजे ह्यांचं ठरलं होतं. मी भाकरीची दुरडी त्यांच्यापुढं आपटली आणि म्हणाले, "बोलले. तुम्हीही बोलून घ्या, एकदाच काय ते." ते जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी उन्हाचा तडाखा असा होता की कावळाही दिसत नव्हता. सकाळी मी घमेलं काठोकाठ भरून ठेवलं होतं. जेवणाआधी पुन्हा एकदा बघावं म्हणून चाळीत गेले. घमेलं उपडं पडलं होतं. खालची माती वाळून कडक झाली होती, म्हणजे पाणी सांडून बराच वेळ झाला होता. वारा नव्हता. बदकं चोची उघडून धापा टाकत होती आणि एकाची मान जमिनीवर लांब पसरली होती.

बदकानं पाय देऊन घमेलं पाडलं असेल. पाडू शकतं. मी स्वतःला तसं सांगितलं. पण चाळीच्या फाटकाचा आकडा मी सकाळी जाळीतून हात घालून आतून लावला होता आणि आता तो बाहेरून लावलेला होता.

मी माठातून पाणी आणलं, चमच्यानं त्या बदकाच्या चोचीत सोडलं, पदर भिजवून त्याच्या अंगावर टाकला. मान मांडीवर घेतली. मला बदक आवडत नाही, हे मी आधीच सांगितलंय. तरी त्या घाणीत, त्या उन्हात मी बसून राहिले. स्वयंपाक तसाच राहिला. घरून हाका आल्या, मी ओ दिली नाही. ऊन कलल्यावर त्यानं मान उचलली, थरथरत, आणि माझ्या हातातून सुटून घमेल्याकडं गेलं. मला रडू आलं. तिथंच बसून मी पोटभर रडले.

आक्का दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. एसटी थांबली तशी पिशवी तिथंच ठेवून ती जाळीकडं धावली. नजरेनं मोजली. तिन्ही होती. मग ती आत आली. मी नुकताच भरडा कालवून ठेवला होता, तिनं शिकवलं होतं अगदी तसा. तिनं घमेलं उचललं, नाकाशी नेलं, वास घेतला. मग माझ्यादेखत ते बाहेर नेऊन खडीच्या ढिगावर ओतलं.

"आक्का, ताजंय ते," मी म्हणाले. "आत्ता कालवलंय. पुडी पण नवीच फोडली."

"आसंल."

मला तिला आकड्याचं सांगायचं होतं, उपड्या घमेल्याचं, दादांचं, ह्यांचं. काल मी मांडीवर मान घेऊन बसले होते ते सांगायचं होतं. पण आळ घ्यायचा नाही असं आबांनी सांगितलेलं, आणि ज्याच्यावर घ्यायचा त्यातला एक माझ्याच घरात जेवायची वाट बघत होता.

आक्का माझ्याजवळ आली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. "तुझा दोष न्हाई गं," ती म्हणाली. "पर तू बी त्याच घरात जेवतीस."

एरवी मला कोणी असं म्हणालं असतं तर मी त्याची सात पिढ्यांची आरती केली असती. त्या दिवशी राग आला नाही. ती खाली बसली आणि दुसऱ्या घमेल्यात नवी पुडी फोडून नव्या भरड्यात कालवू लागली. तिनं ओतून रिकामं केलेलं घमेलं मी उचललं, राखेनं घासलं आणि उन्हात उपडं घातलं.